कोझुमेलची बुडी आणि सिकलसेलचा कागद

मागच्या उन्हाळ्याआधीची गोष्ट. रात्री साडेदहाला ह्यूस्टनहून आमच्या भाचीचा फोन आला. तीही आमच्यासारखीच नर्स. नागपूरच्या वस्तीतून शिकून तिकडच्या रुग्णालयात लागली आहे. धाकटी बहीणही आता तिकडेच शिकायला आहे. "मावशी, तू एप्रिलमध्ये येशील ना, तेव्हा आपण तिघी मेक्सिकोला जाऊ. समुद्राकाठी रिसॉर्ट घेतलंय. मला स्कुबा डायव्हिंग करायचंय. पण एक फॉर्म आलाय. त्यात रक्ताचा काही त्रास आहे का, असं विचारलंय. बुडीच्या दुकानातला माणूस फोनवर म्हणतो, सगळीकडे 'नाही' लिहून टाका, नाहीतर डॉक्टरची सही लागते. काय लिहू?"

आम्ही गप्प झालो. कारण थोरली भाची सिकलसेलची वाहक आहे, तिच्या कागदावर 'एएस' लिहिलेले आहे. धाकटी 'एसएस', म्हणजे तिला आजारच आहे. गोळ्या सुरू आहेत, प्रकृती बरी आहे, पण लहानपणी तिच्या हातापायांच्या वेदनेने घरातल्या सगळ्यांनी किती रात्री जागून काढल्या ते आम्हाला ठाऊक आहे. आईवडील दोघेही वाहक असले की प्रत्येक बाळंतपणात चारात एक शक्यता आजाराची, चारात दोन वाहक असण्याची आणि चारात एक पूर्ण मोकळे असण्याची. विदर्भातल्या आपल्या कितीतरी घरांत हा हिशेब पाठ आहे.

वाचक म्हणतील, आरोग्याच्या पानावर मेक्सिकोची सहल कशाला? बंधू-भगिनींनो, आपली मुले आता दूर दूर जाऊ लागली आहेत. स्वतःच्या पगाराची सुट्टी, स्वतःच्या पैशाची मौज, हे त्यांच्या आजी-आजोबांना मिळाले नाही. ती मौज त्यांनी जरूर करावी. पण शरीराचा कागद लपवून करू नये, एवढेच आम्हाला सांगायचे आहे. म्हणून ही सहल आम्ही सुरुवातीपासून सांगतो.

जागा कोणती आणि महिना कोणता

मेक्सिकोच्या पूर्वेला युकातान नावाचा भूभाग समुद्रात शिरलेला आहे. त्याच्या कॅरिबियन किनाऱ्यावर किंताना रो हे राज्य आहे. १९७० च्या दशकात मेक्सिकोच्या सरकारने तिथे कानकुन हे शहर खास पर्यटनासाठी वसवले. त्याआधी ती मच्छीमारांची विरळ वस्ती होती. कानकुनच्या दक्षिणेला समुद्रात कोझुमेल बेट आहे. प्लाया देल कारमेन गावाहून बोटीने पाऊण तासात तिथे पोहोचता येते. ह्यूस्टनहून थेट विमानही जाते. आम्ही विमानानेच गेलो. अमेरिकेचा चालू व्हिसा असलेल्या भारतीयाला मेक्सिकोत पर्यटक म्हणून फिरायला वेगळा व्हिसा लागत नाही. तरी निघण्याआधी वकिलातीकडे नियम विचारून घ्यावा.

कोझुमेलच निवडले, कारण तिथले प्रवाळ. मेक्सिको, बेलीझ, ग्वाटेमाला आणि होंडुरास या चार देशांच्या किनाऱ्याने सुमारे हजार किलोमीटर प्रवाळाची रांग गेली आहे. ऑस्ट्रेलियाच्या खालोखाल जगात दुसरी मोठी म्हणून ती ओळखली जाते. कोझुमेलच्या पश्चिमेचा आणि दक्षिणेचा समुद्र १९९६ पासून राष्ट्रीय उद्यान आहे. तिथे प्रवाळाला हात लावायचा नाही. हात लावायचा मोह होऊ नये म्हणून हातमोजे घालायलाही बंदी आहे.

महिनाही विचार करून ठरवला. जून ते नोव्हेंबर हा तिकडच्या चक्रीवादळांचा काळ. २००५ च्या ऑक्टोबरात विल्मा वादळाने हे बेट झोडपून काढले होते. डिसेंबर ते फेब्रुवारीत कधी कधी उत्तरेचे गार वारे सुटतात, मग बंदर बंद ठेवतात आणि बोटी निघत नाहीत. एप्रिलमध्ये पाणी २७ अंशांच्या आसपास असते. सिकलसेलच्या माणसाला गार पाणी बाधते, म्हणून आम्ही तापमान आधी पाहिले आणि हॉटेलचे दर नंतर. त्या महिन्यांत पूर्वेच्या किनाऱ्यावर सरगॅसम नावाचे तपकिरी शेवाळ वाहून येते आणि सडून वास मारते. पश्चिम बाजूला त्याचा त्रास बराच कमी. म्हणून रिसॉर्ट पश्चिमेचे घेतले.

पाण्याखाली शरीराचे काय होते

फॉर्म कशासाठी भरून घेतात हे समजायला पाण्याचा दाब समजला पाहिजे. जमिनीवर आपल्या अंगावर हवेचा जेवढा दाब असतो, तेवढाच आणखी एक दाब १० मीटर पाण्याखाली वाढतो. २० मीटरला तिप्पट. दाब वाढला की शरीरातल्या हवेच्या पोकळ्या आक्रसतात आणि वर येताना फुगतात.

पहिली पोकळी कानाची. विमान उतरताना कान दडपतो, तेच पाण्यात दोन-तीन मीटरवरच होते. नाक चिमटीत धरून हळूच फुंकर मारली की कान मोकळा होतो. सर्दी असेल तर होत नाही आणि जोर केला तर पडदा फाटू शकतो. आपल्या वस्त्यांत लहानपणी कान वाहिलेली माणसे पुष्कळ आहेत. त्यांनी कानाच्या डॉक्टरला दाखवल्याशिवाय बुडी घेऊ नये.

दुसरी पोकळी फुप्फुसाची. १० मीटरवर टाकीतली हवा छातीभर घेतली आणि श्वास रोखून वर आलो, तर ती हवा दुप्पट व्हायला पाहते. फुप्फुस फाटू शकते. म्हणून स्कुबाचा पहिला नियम असा की श्वास कधीही रोखायचा नाही. दमा असलेल्याच्या किंवा जुन्या टीबीने फुप्फुसावर व्रण राहिलेल्याच्या छातीत हवा कुठे तरी अडकून राहू शकते. त्यांनी छातीची तपासणी करून घेतलीच पाहिजे.

तिसरी गोष्ट नायट्रोजनची. दाबाखाली श्वास घेताना हवेतला नायट्रोजन रक्तात आणि मांसात विरघळतो. सावकाश वर आले तर तो श्वासावाटे निघून जातो. घाईने वर आले तर सोड्याची बाटली खटकन उघडल्यावर जसे बुडबुडे येतात, तसे ते अंगात येतात. सांधे दुखतात, हातपाय बधिर होतात, चक्कर येते, लघवी अडते, कधी कंबरेखालचे अंग लुळे पडते. बहुतेक त्रास काही तासांतच दिसू लागतो. उपाय म्हणजे लगेच शुद्ध ऑक्सिजन, आडवे झोपवणे आणि दाबाच्या खोलीत उपचार. अशी खोली कोझुमेलमध्ये आहे. निघण्याआधी आम्ही तिचा फोन नंबर लिहून घेतला आणि तिघींच्या पर्समध्ये एकेक चिठ्ठी ठेवली.

आता सिकलसेलकडे या. एसएसच्या माणसाच्या तांबड्या पेशी ऑक्सिजन कमी झाला, अंगातले पाणी कमी झाले, थंडी वाजली किंवा फार दमणूक झाली की विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक नळ्यांत अडकतात. पाण्याखाली यातले काहीही होऊ शकते, वर बुडबुड्यांचे भय वेगळेच. आणखी एक अडचण आम्हा नर्सेसना लगेच दिसते. बुडीनंतर सांधा दुखू लागला तर ते बुडबुड्याचे दुखणे की सिकलसेलचे, हे बोटीवर कोण ओळखणार? म्हणून एसएस असलेल्यांना डॉक्टर स्कुबा करू देत नाहीत. वाहकाची, म्हणजे एएसची, गोष्ट वेगळी. बहुतेक वाहक निरोगी असतात आणि सरसकट बंदी त्यांना नाही. पण प्रत्येकाने आपल्या डॉक्टरला विचारायचे, पाणी भरपूर प्यायचे, दमायचे नाही आणि गारठायचे नाही.

फॉर्मवरची ती ओळ

बुडी शिकवणाऱ्या बहुतेक संस्था जो आरोग्याचा फॉर्म भरून घेतात, त्यात फुप्फुस, श्वास, हृदय आणि रक्त यांच्या त्रासाबद्दलचा प्रश्न पहिल्याच ओळीत आहे. भाची म्हणाली, "मावशी, मला तर कधी काही झालंच नाही. मी वाहक आहे, आजारी नाही. 'नाही' लिहिलं तर खोटं कसं?"

बोलण्यात तिचे चूक नव्हते. पण आम्ही तिला एवढेच विचारले, "तू ड्युटीवर असताना पेशंटने असं लपवलं तर तुला काय वाटतं?" ती हसली. मग म्हणाली, "शिव्या घालते मनात."

दुसऱ्या दिवशी तिने रक्ताच्या डॉक्टरची वेळ घेतली. त्यांनी तिचा इलेक्ट्रोफोरेसिसचा कागद पाहिला, लघवी तपासली, छाती तपासली. वाहकांना कधी कधी लघवीतून रक्त जाते, तसे काही आहे का ते विचारले. मग सही दिली आणि अटी घातल्या. दिवसाला दोनच बुड्या, मध्ये विश्रांती, प्रत्येक बुडीआधी आणि नंतर पाणी, थंडी वाजली की लगेच वर. सगळे मिळून एक आठवडा गेला. ज्या दुकानाने 'नाही' लिहा म्हटले होते, ते तिने सोडले आणि दुसरे धरले. तिथल्या बाईने सही केलेला कागद नीट वाचला आणि बोटीवर ऑक्सिजनची टाकी असते का, या प्रश्नावर टाकीचा फोटो पाठवला.

धाकटीला डॉक्टरांनी स्पष्ट 'नाही' सांगितले. ती दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी आम्हाला फोन करून म्हणाली, "मावशी, प्रत्येक ठिकाणी मी काठावरच बसायचं का गं?" याचे उत्तर आमच्याजवळ नव्हते. मग तिघींनी मिळून शोधायचे ठरवले, की काठावर न बसता तिला समुद्र कसा दाखवता येईल.

शिकणे आणि पैसे

थोरलीने पोहणेच मुळी तिसाव्या वर्षी शिकले. सुरुवातीच्या कोर्सला २०० मीटर पोहणे आणि १० मिनिटे तरंगणे यावे लागते. वाचायचा भाग आणि तलावातला भाग तिने ह्यूस्टनमध्ये केला आणि समुद्रातल्या चार बुड्या कोझुमेलमध्ये. त्यामुळे सुट्टीतले दोन दिवस वाचले. हा कोर्स झाला की १८ मीटरपर्यंत जाता येते. कोर्स न करता शिक्षकाचा हात धरून एखादी बुडी घ्यायची सोय सगळीकडे असते, ती १२ मीटरपर्यंत. फॉर्म मात्र तिथेही भरावा लागतो.

कोर्सला चार-पाचशे डॉलर आणि नंतरच्या दोन-दोन बुड्यांच्या फेरीला शंभर डॉलरच्या आसपास लागतात. रक्कम मोठी आहे. तिने वर्षभर महिन्याला थोडे थोडे बाजूला काढले होते. यात बुडीच्या अपघाताचा वेगळा विमा तिने आधी घेतला, कारण प्रवासाच्या साध्या विम्यात दाबाच्या खोलीचा खर्च धरलेला असेलच असे नाही, आणि तो खर्च हजारो डॉलरचा असतो.

बेटावरचे सहा दिवस

पहिला दिवस आम्ही झोपेत घालवला. हॉटेलात मनगटावर पट्टा बांधतात, मग खाणेपिणे सगळे त्यातच. दारूही वाटेल तेवढी. दारूने अंगातले पाणी जाते, म्हणून आमच्या टेबलावर बाटलीबंद पाणी आणि शहाळे. नळाचे पाणी तिकडे पीत नाहीत. आम्ही ओआरएसची पाकिटे इथूनच नेली होती. मक्याची पोळी, काळ्या घेवड्याचे वरण आणि हिरव्या मिरचीची चटणी पाहून धाकटी म्हणाली, "ही तर आपलीच भाकर."

दुसऱ्या दिवशी थोरलीच्या पहिल्या दोन बुड्या. बोटीवर आम्हीही गेलो. पाणी इतके स्वच्छ की वरून तळाची वाळू दिसत होती. कोझुमेलच्या बुडीला पोहून दमावे लागत नाही. पाण्याचा प्रवाह माणसाला प्रवाळाच्या भिंतीशेजारून वाहून नेतो आणि बोट वरून बुडबुड्यांच्या मागे मागे येते. आमच्या भाचीला दमणूक नको होती, म्हणून हे फार बरे पडले. पण त्याच कारणाने गाईडच्या जवळ राहावे लागते. प्रवाहात मागे पडले की पुन्हा उलटे पोहून येता येत नाही.

चाळीस मिनिटांनी ती वर आली. वर येताना ५ मीटरवर तीन मिनिटे थांबून आली, नायट्रोजन निघून जावा म्हणून. तोंडातली नळी काढली आणि पहिले वाक्य बोलली, "मावशी, खाली फक्त माझाच श्वास ऐकू येतो गं." मग एका दमात कासव, मोठा करवा रंगाचा मासा, पंख्यासारखे हलणारे जांभळे प्रवाळ, सगळे सांगत सुटली. आम्ही आधी तिच्या हातात पाण्याची बाटली दिली आणि सांधे, बोटे, लघवीचा रंग विचारला. जुनी सवय. चौथ्या दिवशी पालांकारच्या प्रवाळापाशी तिला कोझुमेलचा तो प्रसिद्ध मासा दिसला. चट्ट्यापट्ट्यांच्या डोक्याचा, पिवळ्या कडांच्या पंखांचा, जो या बेटाच्या आसपासच सापडतो. दगडाखाली बेडकासारखा तोंड फुगवून बसतो म्हणे.

तिसरा दिवस धाकटीचा. कोझुमेलला पर्यटकांना घेऊन जाणारी पाणबुडी आहे. ती सुमारे ३० मीटर खाली जाते आणि आत हवेचा दाब जमिनीवरचाच असतो. म्हणजे नायट्रोजन नाही, कानाला त्रास नाही, थंडी नाही. तरीही आम्ही तिच्या डॉक्टरला आधी विचारून घेतले होते. धाकटी गोल खिडकीला कपाळ टेकवून बसली. खाली जाताना लाल रंग हळूहळू नाहीसा होतो. तिची लाल ओढणी मातकट दिसायला लागली तेव्हा ती मोठ्याने हसली. बाहेर आल्यावर थोरलीला म्हणाली, "तू १८ मीटर, मी ३०." त्या एका वाक्यासाठी आमचे तिकिटाचे पैसे वसूल झाले.

संध्याकाळी कमरेइतक्या संथ पाण्यात तिने आणि आम्ही लाइफ जॅकेट घालून, तोंड पाण्यात घालून मासे पाहिले. तिला अंगभर वेटसूट, वीस मिनिटे झाली की बाहेर, कोरडा टॉवेल आणि कोमट पाणी. आम्हाला पोहता येत नाही. चाळिशी उलटल्यावर समुद्रात तोंड घालायला लाज वाटली, मग वाटेनाशी झाली.

गाईडने सांगितलेले

बोटीवरचा गाईड मूळचा युकातानच्या उत्तर किनाऱ्याकडचा. त्याने आपल्या मेहुण्याची गोष्ट सांगितली. तिकडचे मच्छीमार समुद्रकाकडी आणि शेवंडा काढायला खाली जातात. त्यांच्याकडे ना संगणकाचे घड्याळ, ना टाकी. बोटीवरच्या कॉम्प्रेसरला लांब नळी लावून तिचे टोक तोंडात धरायचे आणि तासन् तास तळाशी राहायचे. माल जास्त तर पैसा जास्त. समुद्रकाकडीला परदेशात भाव आला तसे लोक आणखी खोल आणि आणखी वेळ जाऊ लागले. कित्येक लुळे पडले, काही मेले. मेहुणा आता काठी घेऊन चालतो. दोघांची बुडी त्याच समुद्रातली. एकाला ५ मीटरवर तीन मिनिटे थांबायची फुरसत मिळते, दुसऱ्याला मिळत नाही. नर्सिंगच्या नोकरीत अशी कमरेखाली लुळी पडलेली कामगार माणसे आम्ही पुष्कळ पाहिली. त्या रात्री जेवण गोड लागले नाही. निघताना गाईडला आणि खोली झाडणाऱ्या, आपसात माया भाषेत बोलणाऱ्या बायांना बक्षिसी हातात देऊन आलो. तिकडे त्यांची बरीच कमाई त्यावर असते.

पाचवा दिवस कोरडा. शेवटची बुडी आणि विमान यांत निदान १८ तास जावे लागतात, कारण विमानात हवेचा दाब कमी होतो आणि उरलेला नायट्रोजन बुडबुडे करू शकतो. आम्ही पूर्ण दिवस ठेवला. सान हेर्वासियोचे जुने अवशेष पाहिले. माया लोकांच्या बाया तिथे इशचेल या देवीच्या ठिकाणी यायच्या. बाळंतपण आणि औषध यांच्याशी तिचे नाव जोडलेले आहे. दोन नर्सा आणि एक पेशंट त्या दगडांवर बसून मोसंबी खात होत्या, एवढेच आमचे तीर्थ. सहाव्या दिवशी विमान. धाकटीने दर तासाला पाणी प्यावे म्हणून थोरलीने मोबाइलला गजर लावला होता.

बुडीआधी हे पाहा

मालवण, तारकर्लीलाही हल्ली आपल्याकडचे तरुण बुडी घ्यायला जातात. समुद्र बदलला तरी शरीराचे नियम तेच.

• सिकलसेलची तपासणी झालेली नसेल तर आधी करा. सरकारी दवाखान्यात होते. एसएस असेल तर स्कुबा नाही. एएस असेल तर डॉक्टरला विचारूनच.

• दमा, जुना टीबी, फिट्स, हृदयाचा त्रास, साखर, रक्तदाब, कानाचे ऑपरेशन, यातले काही असेल तर फॉर्मवर खरे लिहा. 'नाही' लिहा म्हणणाऱ्या दुकानातून उठून या.

• गरोदर बाईने बुडी घेऊ नये. दिवस राहिल्याची शंका असली तरी नाही.

• सर्दी असेल त्या दिवशी बुडी नाही. पैसे बुडाले तरी चालतील.

• बोटीवर ऑक्सिजन आहे का, जवळची दाबाची खोली कुठे आहे, हे पैसे भरण्याआधी विचारा.

• पाण्याखाली श्वास रोखू नका. सावकाश वर या. आदल्या रात्री दारू नाही.

• बुडीनंतर सांधे दुखले, मुंग्या आल्या, चक्कर आली तर 'दमलो असेन' म्हणून झोपू नका. लगेच सांगा.

• शेवटची बुडी आणि विमान यांत एक दिवस मोकळा ठेवा.

परवा धाकटीचा फोन आला. पुढच्या सुट्टीत कानकुनला जायचे म्हणते. तिथे समुद्राच्या तळाशी शेकडो पुतळ्यांचे संग्रहालय आहे. जेसन डीकेअर्स टेलर या शिल्पकाराने त्यातले पुष्कळ पुतळे त्या भागातल्या साध्या माणसांचे साचे घेऊन घडवले. एका ठिकाणी ते इतके उथळ पाण्यात आहेत की वर तरंगूनही दिसतात. "डॉक्टरला विचारलं का?" आम्ही म्हणालो. ती म्हणाली, "आधी त्यांनाच फोन केला, मग तुला."